बागेला माळी द्या

बीड जिल्ह्यातल्या सहा नगरपरिषदा आणि पाच नगरपंचायतींचे नगराध्यक्ष, नगरसेवक व मुख्याधिकारी यांना,



बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, धारूर, केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार आणि वडवणी. हे पत्र अकराही गावांच्या कारभाऱ्यांना आहे, कारण मागणं अकराही ठिकाणी सारखंच आहे. मी नवी बाग मागत नाही. ज्या बागा आहेत त्या दिवसभर उघड्या ठेवा, त्यांत सावली, प्यायचं पाणी, वापरता येईल असा संडास आणि संध्याकाळी दिवा असू द्या, आणि प्रत्येक बागेला बाराही महिने पगारी माळी द्या. ऐकायला हे फार साधं वाटतं. तरी वर्षानुवर्षं हेच होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाग कोणासाठी, या प्रश्नापासूनच सुरुवात करू. बाग म्हटलं की सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक आणि रविवारी भेळ खायला येणारी कुटुंबं डोळ्यांपुढे येतात. त्यांचा हक्क आहेच. पण तालुक्याच्या गावात बागेची खरी निकड असते ती बाहेरून आलेल्या माणसाला. वाडीवरची, तांड्यावरची बाई संजय गांधी निराधार योजनेच्या कागदासाठी सकाळच्या गाडीनं तहसीलला येते. साहेब दौऱ्यावर असतात, दुपारी तीननंतर या म्हणतात. परतीची एसटी पाचला. मधला वेळ ती कुठं काढते, हे एकदा बघा. कुठल्या तरी बंद दुकानाच्या पायरीवर, मांडीवर लेकरू घेऊन ती बसलेली असते. दुकान उघडलं की उठते आणि दुसरी पायरी शोधते. पिशवीत पाण्याची बाटली असते, पण ती दोन घोटांवर पाणी पीत नाही, कारण मग जायचं कुठं, हा प्रश्न असतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात पेशंट घेऊन आलेले नातेवाईक आठ-आठ दिवस राहतात. डबा कुठं खायचा, दुपारी पाठ कुठं टेकायची, हा त्यांचा रोजचा प्रश्न. बाजारच्या दिवशी शेळी विकायला आलेला म्हातारा, परीक्षेच्या सेंटरवर मुलीला सोडून तीन तास थांबलेला बाप, ही सगळी माणसं बागेची आहेत. त्यांना कारंजं नको आहे. एक झाड, एक बाक, एक नळ आणि उघडा संडास मिळाला तर त्यांचा दिवस माणसासारखा जातो.

आता जिल्ह्यातल्याच एका गावातली बाग सांगते. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे वाचताना अकरांपैकी बहुतेकांना ती आपलीच वाटेल. फाटकाला लागून कोनशिला आहे, ग्रॅनाइटची, अजून चकचकीत. आत गेलं की डाव्या हाताला घसरगुंडी. ती फायबरची असून शेवटची हातभर लांबी फुटलेली आहे, आणि फुटलेल्या कडा सुरीसारख्या वर आल्या आहेत. झोपाळ्याचा लोखंडी सांगाडा उभा आहे, साखळ्या आहेत, बसायच्या फळ्या नाहीत. मुलांनी दोन साखळ्यांमध्ये युरियाचं रिकामं पोतं बांधलंय आणि त्यावर पाळी लावून ती झोके घेतात. ओपन जिमच्या सहा यंत्रांपैकी दोन चालतात. उभं राहून पाय मागंपुढं करायच्या यंत्राचा एक पायटा बेअरिंगसकट निखळलाय, आणि एक आजोबा रोज उरलेल्या एका पायट्यावर एका पायानं व्यायाम करतात. संडास बांधलेला आहे, टाइल्स बसवलेल्या आहेत, दाराला कुलूप आहे. किल्ली कोणाकडं असते हे विचारत गेलं की माणूस पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचतो, आणि टाकीवरचा मनुष्य म्हणतो की ती ठेकेदाराकडंच राहिली. मधोमध लॉन होतं. आता तिथं पिवळी मुळं आणि गुटख्याच्या पुड्या आहेत. पण कंपाउंडच्या कोपऱ्यात बागेच्या आधीपासूनचा एक कडुनिंब आहे, आणि बागेत येणारा प्रत्येक माणूस त्याच्याखाली जाऊन बसतो. लाखो रुपये खर्चून जे उभारलं त्यातलं काही टिकलं नाही. ज्याला कोणी हात लावला नाही ते झाड तेवढं कामाला येतंय.

हे असं का होतं, याचं कारण कोणाच्या वाईटपणात शोधायला मी बसले नाही. ते पैशाच्या वाटेत आहे. बाग बांधायला पैसा येतो तो नगरोत्थान योजनेतून, जिल्हा नियोजन समितीतून, आमदार-खासदार निधीतून. व्यायामाचं साहित्य क्रीडा विभागाच्या अनुदानातून येतं. 2015 साली सुरू झालेल्या अमृत योजनेतही बागा आणि मुलांसाठीच्या सोयींना प्रकल्पखर्चाच्या अडीच टक्क्यांपर्यंत जागा ठेवलेली होती. हा सगळा पैसा उभारणीचा. बाग उभी राहिल्यानंतर माळ्याचा पगार, मोटारीचं वीजबिल, झोपाळ्याची फळी आणि फिनेलचा डबा हे मात्र नगरपरिषदेनं आपल्या वसुलीतून भागवायचं असतं. घरपट्टीची वसुली कशी होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणजे बैल फुकटात मिळतो आणि वैरणीची तरतूद कुठंच नसते.

त्यात कायद्याचीही एक अडचण आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम 1965 मध्ये कलम 49 खाली नगरपरिषदेची कर्तव्यं दिली आहेत. दिवाबत्ती, पाणी, साफसफाई ही बंधनकारक यादीत, आणि सार्वजनिक बागा ऐच्छिक यादीत. हात आखडता घ्यायची वेळ आली की ऐच्छिक यादीवर पहिली काट बसते. पण त्यानंतर 1992 ची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली. बारावी अनुसूची आली. नागरी संस्थांकडे सोपवायच्या तिच्यातल्या अठरा विषयांत बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं बाराव्या क्रमांकावर स्पष्ट लिहिलेली आहेत. ज्या घटनेनं तुमच्या संस्थांना अधिकार दिले, तिनंच हा विषयही तुमच्या पदरात टाकला आहे. बागेचं काम ऐच्छिक आहे, हे उत्तर आता पुरेसं नाही.

माळ्यावर एवढा जोर का देते, ते सांगते. बागेची देखभाल आज ठेक्यानं होते. ठेका अकरा महिन्यांचा, माणसं रोजंदारीवर, आज एक उद्या दुसरा. कामाचं मोजमाप चौरस मीटरमध्ये होतं. झाडाला मात्र माणूस लागतो. कुठल्या रोपाला कधी आळं करायचं, उन्हाळ्यात पाचटाचं आच्छादन कुठं टाकायचं, करंजाची कुठली फांदी वायरीत जाणार आहे, नवीन लावलेल्या वडाच्या खोडाला वाळवी लागली का, हे एकाच जागी चार पावसाळे काढलेल्या माणसाला कळतं. तो माणूस दिवसभर बागेत असला की आणखी पुष्कळ गोष्टी आपोआप होतात. किल्ली त्याच्या कमरेला असते, म्हणून संडास उघडा राहतो. बेअरिंग करकरायला लागलं की तो ग्रीस मागायला येतो आणि यंत्र निखळायच्या आधी दुरुस्त होतं. संध्याकाळी कोपऱ्यात बाटल्या घेऊन बसणाऱ्यांना तो नावानिशी ओळखतो, आणि नावानिशी ओळखलं गेलं की ती मंडळी तिथं बसत नाहीत. जोडपी दिसली की हाकलायची, असला उद्योग मात्र त्याच्या गळ्यात घालू नका. चार लोकांत, उजेडात बसलेल्या दोन माणसांपासून कोणाला धोका नसतो.

पाण्याचा प्रश्न तुम्ही काढाल, आणि तो काढायलाच हवा. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावांत बागेला पाणी मागणं अनेकांना उर्मटपणाचं वाटेल. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि ते धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला आहे. असल्या मुलखात हिरवळीचं लॉन लावणं चूकच. इस्टिमेटमध्ये लॉन असतं, कारण उद्घाटनाच्या दिवशी ते फोटोत छान दिसतं. मे महिन्यापर्यंत त्याची माती होते. आपल्या मातीतली झाडं लावा. कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ, उंबर, बहावा यांना पहिली तीन वर्षं सांभाळलं की पुढं ती स्वतःचं बघतात आणि शंभर माणसांना सावली देतात. बीडजवळ पालवणच्या उघड्याबोडक्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सह्याद्री देवराईच्या लोकांनी वन विभागाच्या साथीनं देशी झाडं लावली. 13 आणि 14 फेब्रुवारी 2020 ला तिथं वृक्षसंमेलन भरलं आणि त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. जिल्ह्यातल्या डोंगरावर जे जमलं ते गावातल्या अर्ध्या एकरात जमणार नाही, असं मला कोणी सांगू नये. आणि झाडाच्या बुंध्याला घट्ट भिडवून पेव्हर ब्लॉक बसवू नका. बुंध्याभोवती हात-दीड हात माती मोकळी ठेवली तर पावसाचं पाणी तिथंच मुरेल आणि टँकरची एक खेप वाचेल. सांडपाणी शुद्ध करण्याची सोय जिथं झाली आहे किंवा होते आहे, तिथलं पाणी नाल्यात सोडण्याआधी बागेकडं वळवा. पाणी उतारानं नेण्याचं शहाणपण आपल्याला परकं नाही. बीडची खजाना विहीर निजामशाहीत सलाबत खानानं बांधली. तिचं पाणी भुयारी वाटेनं, मोटेशिवाय, उतारानं शेतापर्यंत जात आलं आहे.

मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, शाळेची सहल पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानात गेलेली असते. जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी, रंगीत कारंज्यांसाठी प्रसिद्ध असं ते उद्यान आम्हाला स्वर्ग वाटायचं. पुढं वर्षानुवर्षं ते ओसाड पडलं. ते म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर उभारलेलं, आणि मागं एवढं मोठं धरण. तरी देखभालीवाचून त्याची ही गत झाली. मग तालुक्याच्या गावात कारंज्याचा आणि लेझर शोचा प्रस्ताव कोणी आणला, तर ते सांभाळणार कोण आणि कुठल्या पैशातून, हा प्रश्न सभागृहात आधी विचारा.

आता मुलींविषयी. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. तेव्हा मोजल्या गेलेल्या त्या मुली आज दहावीत, कॉलेजात आहेत, काही पोलीस भरतीची तयारी करताहेत. संध्याकाळी क्लास सुटल्यावर त्या कुठं जातात? सरळ घरी. बारा-तेरा वर्षांची झाली की मुलीचं खेळणं सुटतं, कारण मैदानावर मुलं क्रिकेट खेळत असतात, बागेत दिवा नसतो आणि संडासाला कुलूप असतं. बायकांना तासभर निवांत बसायला आपल्या गावांत एकच जागा आहे, ती म्हणजे देऊळ. अंबाजोगाईला योगेश्वरीच्या आवारात, बीडला कंकालेश्वराच्या कुंडाकाठी किंवा खंडेश्वरीला बाई गेली तर तिला कोणी का गेलीस म्हणून विचारत नाही. देवळांनी आजवर बागेचंही काम केलं, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण बीडच्या जुन्या पेठेतल्या मुसलमान बाईनं कुठं जायचं? धुणीभांडी आटोपून आलेल्या, देवाला जायची फुरसतही नसलेल्या बाईनं कुठं जायचं? आठवड्यातले काही तास फक्त मुलींसाठी मैदान राखून ठेवलं, उजेड ठेवला आणि महिला शिपाई एक फेरी मारून गेली, तर वर्षभरात तिथं कबड्डी आणि खो-खोचे संघ उभे राहतील. या मातीत धावणाऱ्यांची कमी नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून रौप्यपदक आणलं आणि पुढल्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

पण सगळे धावणारे मैदानापर्यंत पोहोचत नाहीत. 19 जानेवारी 2025 ची सकाळ आठवा. बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या तरुणांना एसटी बसची धडक बसली. तिघं गेले. ती पोरं हौसेनं हमरस्त्यावर पळत नव्हती. पहाटे पाचला उठून पळायचं म्हटलं तर जिल्ह्यातल्या बहुतेक पोरापोरींना डांबरी रस्त्याशिवाय सपाट, लांब जागाच मिळत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत तरी हे थांबवणं तुमच्या हातात आहे. बागेच्या किंवा मैदानाच्या कडेनं मुरूम आणि माती दाबून पळायची वाट करा. सिमेंटची नको, पेव्हरची नको, त्यानं गुडघे जातात. फाटक सकाळी साडेचारला उघडा. एवढ्यासाठी वेगळी योजना लागत नाही, एक रोलर, काही ट्रक मुरूम आणि पहाटे उठणारा एक माणूस लागतो.

जागा नाही, असं उत्तर मला नेहमी मिळतं. जागा आहे, ती निसटते आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 0.4 हेक्टरहून मोठ्या जमिनीचा ले-आऊट मंजूर करताना दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आपल्याकडं प्रत्येक नगरात, प्रत्येक कॉलनीत ही ओपन स्पेस कागदावर आहे. प्रत्यक्षात तिथं कुणाची जीप उभी असते, कुणी गोठा घातलेला असतो, कुणी सभामंडप बांधलेला असतो. तिची यादी सर्व्हे नंबरासकट नगरपरिषदेच्या भिंतीवर लावा, म्हणजे कॉलनीतल्या बायकाच त्या जागांची राखण करतील. विकास योजनेतल्या बागेच्या आरक्षणांचं तर घड्याळ चालू असतं. योजना मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही आणि मालकानं नोटीस दिली, की 24 महिन्यांनी नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली ते आरक्षण उठतं. 17 सप्टेंबर 2025 ला बीडला रेल्वे आली. पिढ्यान्पिढ्या वाट पाहिली त्या गाडीची. आता स्टेशनच्या दिशेनं प्लॉटिंग पडेल, भाव चढतील. बागेची आणि मैदानाची जागा ताब्यात घ्यायची असेल तर ती आत्ताच. बीडमधल्या बिंदुसरा नदीच्या काठाचाही विचार करा. 23 जुलै 1989 च्या पुरानं काय केलं, हे बीडची माणसं विसरलेली नाहीत. ज्या पट्ट्यात घर बांधणं जिवाशी खेळ आहे, तिथं झाडं आणि बाकं चालतील. पूर आला तर बाकं धुऊन निघतील.

छोट्या जागेला नाक मुरडू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅम शहरात पडकी घरं, ओसाड कोपरे आणि रिकामे प्लॉट जागोजागी होते. 1947 पासून तिथल्या नगरपालिकेसाठी आल्डो फान आइक या वास्तुरचनाकारानं त्या तुकड्यांवर मुलांची खेळायची ठिकाणं केली. वाळूचा हौद, लोखंडी नळ्यांच्या कमानी, उड्या मारायला दगडी ठोकळे, कडेला बाक आणि झाड. 1978 पर्यंत अशी सातशेहून अधिक ठिकाणं झाली. लोखंडी नळी वाकवणारा वेल्डर आपल्या प्रत्येक गावात आहे, सिंदफणा नदीची वाळू कशी असते हे आपल्याला माहीत आहे, आणि फायबरच्या घसरगुंडीपेक्षा नळीची कमान जास्त टिकते. तुटली तरी गावातच जोडता येते.

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. गेली दोन-तीन वर्षं आपल्या जिल्ह्यात माणूस समोर आला की जात कळावी म्हणून आधी आडनाव विचारलं जातं. हॉटेलात कोण कुठं चहा पितो, दुकानात कोण कुठून माल घेतो, इथपर्यंत ते गेलं. 2025 मध्ये जिल्ह्याच्या पोलीस दलानं पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली आणि नुसती नावं ठेवली. मला ते फार आवडलं. बागेत हे आदेशाविना घडतं. पोत्याच्या झोपाळ्यावर पाळी लावून उभी असलेली मुलं एकमेकांना आडनाव विचारत नाहीत, त्यांना पुढचा नंबर कोणाचा एवढंच माहीत असतं. आणि मुलं खेळत असली की बाकावर बसलेल्या आया पाच मिनिटांत बोलायला लागतात. शांतता समितीच्या बैठका व्हाव्यातच, पण सगळ्यांची लेकरं एका ठिकाणी खेळतील अशी जागा प्रत्येक प्रभागात असावी, ही माझ्या सगळ्या मागण्यांमधली मला सर्वांत जवळची मागणी आहे.

तेव्हा येत्या अंदाजपत्रकात बागांच्या देखभालीसाठी वेगळं लेखाशीर्ष करा, आणि त्यातला पैसा दुसरीकडं वळवू नका. प्रत्येक बागेपुढं माळ्याचं नाव, उघडण्या-मिटण्याची वेळ आणि तक्रारीचा नंबर असलेली पाटी लावा. नवी बाग मंजूर करताना तिच्या पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच ठरावात लिहा, तो लिहिता आला नाही तर बाग मंजूर करू नका. नगरपंचायती लहान आहेत, त्यांना एकेक माळी परवडत नसेल तर दोन-तीन बागांमागे एक ठेवा, पण कायमचा ठेवा. अंदाजपत्रकाचा मसुदा सभेआधी सूचनाफलकावर लावलात तर आम्ही वाचून सूचना लेखी देऊ. आमच्या गल्लीतल्या काही बायकांनी रोपांना पाणी घालायची आणि रविवारी झाडलोट करायची तयारी दाखवली आहे. त्यांना फक्त बागेच्या नळाची किल्ली आणि संडासाची किल्ली हवी आहे. ती कोणाकडून घ्यायची, तेवढं कळवावं.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक करदाती